नीतिमान ठरणे: विश्वासाने की कर्मांनी?

प्रश्न (ठाणे पश्चिम): बायबलमधील पौलाच्या रोमकरांस पत्र ३:२८ नुसार मनुष्य नियमशास्त्राच्या (मोशेच्या धर्मनियमांच्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो, तर याकोबाचे पत्र २:२४ म्हणते की केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनीही ठरतो. या दोहोंचा मेळ आपण कसा घालता?

उत्तर (वाशी): ‘नीतिमान ठरणे’ यासाठीचा पौलाचा मूळ ग्रीक शब्द न्यायालयीन आहे. आपल्या जिल्हा न्यायालयात निर्दोष ठरलेल्याचा स्वभाव निकालाने बदलत नाही, कायद्यापुढील स्थान बदलते. अर्थात तेथे पुराव्याअभावी सुटका होते आणि देवापुढे दोष सिद्ध असूनही ख्रिस्तामुळे होते, त्यामुळे माझा दाखला येथेच लंगडा पडतो. याकोबाची टीका भुतांनाही असलेल्या, नुसत्या मान्यतेपुरत्या विश्वासावर आहे.

उत्तर (नेरूळ): हे प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेला धरून झाले. आम्हा कॅथलिकांच्या मते, १५४७ साली ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने मांडल्याप्रमाणे, ही केवळ घोषणा नसून अंतःकरणाचे नूतनीकरणही आहे. मात्र १९९९ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन अशा दोन्ही बाजूंनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, कृपेनेच आपला स्वीकार होतो, हे मान्य केले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात; परंतु पौल सुंतेपूर्वीच्या विश्वासावर भर देतो आणि याकोब त्याने केलेल्या पुत्र इसहाकाच्या अर्पणावर, हे आता ध्यानात आले.