पॉप, सोल, रेगे, रॉक: एकेक एलपी, पण कुठली प्रत?

प्रश्न: मंडळी, चारही प्रकारांतली एकेक जुनी एलपी (लाँग-प्ले तबकडी) घ्यायची आहे. नावासोबत नेमकी कुठली प्रत शोधायची तेही सांगा. प्लेअर साधा आहे, पण सुईचा दाब बदलता येतो.

उत्तर १: रॉकसाठी लेड झेपलिनची दुसरी एलपी, १९६९. सुरुवातीच्या काही अमेरिकन प्रतींवर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात ‘आरएल’ कोरलेलं असतं, ती तबकडीच्या साच्याची खाच कोरणाऱ्या (कटिंग करणाऱ्या) रॉबर्ट लडविगची खूण. त्यातला बास इतका दणकट की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची, म्हणून पुढं तो उतरवून पुन्हा कटिंग केलं. सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) शिफारशीतल्या वरच्या आकड्याजवळ ठेवा. दाब कमी पडला तर सुई खाचेत आपटते आणि खाच कायमची बिघडते.

उत्तर २: पॉपमध्ये बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ (१९६६), आणि मोनोच, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनेलमध्ये! ब्रायन विल्सनला एका कानानं ऐकू येत नव्हतं, त्यानं मिक्स (सगळ्या आवाजांची अंतिम जुळणी) मोनोतच केलं. ‘ड्युओफोनिक’ छापलेली प्रत घेऊ नका, तो मोनोवरून बनवलेला खोटा स्टिरिओ. सोलसाठी मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१. त्यातला जेम्स जेमरसनचा बास गिटार ऐकाच.

उत्तर ३: रेगेत वेलर्सचा (बॉब मार्लीचा बँड) ‘कॅच अ फायर’, १९७३. पहिल्या प्रतींचं कव्हर लायटरसारखं उघडतं. बिजागरीपाशी पुठ्ठा फाटलाय का ते आधी पाहा. जमैकातल्या ध्वनिमुद्रणावर लंडनमध्ये गिटार आणि कीबोर्ड चढवले होते. ते न चढवलेलं जमैकातलं मूळ मिक्स २००१ च्या आवृत्तीत आहे, दोन्ही ऐका.