रात्री किनाऱ्यावरून गळ टाकणे : कॉडसाठी वापरली जाणारी पद्धत गोव्यात उपयोगी पडेल का?

प्रश्न – पैंगीणकर

माझे मामा इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहतात. हिवाळ्यात ते डंजनेसच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर रात्रभर बसून गळाने कॉड मासा पकडतात. बारा-तेरा फुटांचा रॉड, दीडशे ग्रॅमच्या आसपासचे शिसे, गरीला गांडुळासारखे समुद्री किडे किंवा माणक्याची (स्क्विडची) पट्टी, आणि मग रॉडच्या टोकाकडे पाहत थांबायचे, असे त्यांनी सविस्तर लिहून कळवले आहे. दिवाळीनंतर ते गावी येणार असून येताना हे सारे साहित्य आणणार आहेत. काब द रामच्या बाजूला गोट्यांचा एक लहान किनारा आहे, तिथे किंवा काणकोणच्या एखाद्या वाळूच्या किनाऱ्यावर याच पद्धतीने एक रात्र काढावी असा आमचा बेत आहे. कॉड आपल्याकडे मिळत नाही याची मला कल्पना आहे, परंतु मडगावच्या हॉटेलांत 'रॉक कॉड' या नावाने मासा मिळतो, तो त्याच जातीचा आहे का? आणि मूळ प्रश्न असा की त्या पद्धतीतले काय येथे चालेल आणि काय सोडून द्यावे?

उत्तर – शापोराकाठ

आधी माशाबद्दल. हॉटेलांत 'रॉक कॉड' म्हणून जो वाढतात तो आपला गोबरो (ग्रुपर). त्याचा आणि खऱ्या कॉडचा काहीही संबंध नाही. कॉड हा थंड पाण्यातला मासा असून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ तो मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, पाणी गार झाल्यावरच येतो. आपला समुद्र वर्षभर साधारण २६ ते ३० अंशांच्या दरम्यान असतो. शिवाय दोघांची वागणूकही वेगळी. कॉड हनुवटीखालच्या मिशीने तळ चाचपत, वासावर फिरत भक्ष्य शोधतो. गोबरो आपल्या कपारीच्या तोंडाशी दबा धरून बसतो आणि भक्ष्य जवळून गेले की झडप घालून परत आत शिरतो.

यातूनच तुमच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर निघते. तिकडे आमिष एका जागी ठेवून मासा त्याच्याकडे येण्याची वाट पाहिली जाते. आपल्याकडे मोठा मासा हवा असेल तर मासा जिथे असतो तिथे आमिष न्यावे लागते, आणि ती जागा बहुधा लांब नसते. चोणक (जिताडा) नदीच्या तोंडाशी, पाणी वळते तिथे, लाटांच्या फेसाच्या कडेला फिरतो. तामसो (तांबोशी) आणि गोबरो जांभ्याच्या खडकांना धरून असतात. शंभर मीटर दूर फेकलेले शिसे वाळूच्या किनाऱ्यावर तुम्हाला बहुतेक सांगटे (शिंगाळे) आणि वाघळ्याच (पाकट) मिळवून देईल. म्हणून माझे स्पष्ट मत असे की लांब फेकीचा आग्रह सोडावा आणि जागेची निवड नीट करावी. बेतूलला साळ नदीचे मुख आहे, आमच्याकडे शापोराचे आहे. अशा ठिकाणी ओहोटीचे पाणी ओढ घेऊ लागते तेव्हा लहान शेवटे (बोय मासे) आणि सुंगटे (कोळंबी) त्या पाण्याबरोबर बाहेर येतात आणि चोणक त्यांच्यासाठी उभा असतो. जिवंत सुंगट शेपटीकडून गरीला लावावे, म्हणजे ते बराच वेळ तरते राहते.

भरती-ओहोटीचे गणितही वेगळे आहे. डंजनेसला उधाणाच्या वेळी पाणी सहा मीटरहून अधिक चढते-उतरते, आपल्याकडे उधाणालाही ते दोन मीटरच्या आसपासच असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास गोव्यात रात्रीची भरती साधारण अकरा-बाराच्या दरम्यान भरते आणि पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटांनी मागे पडत जाते. त्यामुळे रात्रभर बसण्याचे कारणच नाही. भरती भरण्याआधीचा तास आणि ओहोटी लागल्यानंतरचे दोन तास मन लावून गळ टाकावा, बाकीचा वेळ विश्रांती घ्यावी.

उत्तर – म्हापशेकर

मी नोकरीनिमित्त अनेक वर्षे त्याच किनारपट्टीवर काढली आहेत आणि आता म्हापशाला परतलो आहे, म्हणून थोडी भर घालतो. वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र मामांच्या साहित्यातील दोन गोष्टी येथे नक्की वापराव्यात. पहिली म्हणजे त्यांची दोर बांधण्याची रचना. त्यात मासा लागून ओढू लागला की शिसे दोरावरून वर सरकते आणि तळापासून उचलले जाते, त्यामुळे ते खडकांत अडकण्याची शक्यता कमी होते. दुसरी म्हणजे शिसे मुख्य दोरापेक्षा कमी ताकदीच्या दोऱ्याने बांधणे. जांभ्याच्या भोकांत शिसे रुतलेच तर तेवढा दोरा तुटतो आणि मासा व गरी दोन्ही हाती राहतात. हणजुण्यासारख्या खडकाळ किनाऱ्यावर याचे मोल फार आहे.

तारेचे पंजे असलेले शिसे मात्र वाळूसाठीच ठेवावे.

तिकडच्या अनुभवातली आणखी एक गोष्ट येथेही खरी ठरते. वादळ ओसरल्यावर पाणी गढूळ असते, लाटांनी तळ ढवळलेला असतो, तेव्हा रात्री कॉड अगदी किनाऱ्यालगत येतो. आपल्याकडे पावसाळा संपताना नद्यांचे गढूळ पाणी समुद्रात मिसळते आणि दोन पाण्यांची सीमारेषा डोळ्यांना स्पष्ट दिसते. त्या रेषेवर गळ टाकावा. परंतु जून-जुलैमध्ये हा विचारही करू नये. १ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक होड्यांसाठी असली, तरी त्या दिवसांतली लाट खडकावर उभ्या असलेल्या माणसाला सहज ओढून नेते.

उत्तर – आगोंदवासी

काणकोणचे नाव निघाले म्हणून मनापासून एक विनंती करते. आगोंद आणि गालजीबाग, तसेच उत्तरेकडे मोरजी आणि मांद्रे, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि तुमचा बेत नेमका त्या हंगामात येतो. डोक्याला बांधलेल्या प्रखर दिव्याने मादी बिचकून अंडी न घालताच पाण्यात परतते आणि पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. या चार ठिकाणी रात्री गळ टाकायला जाऊच नये. इतरत्र कासव दिसलेच तर दिवा विझवून दूर व्हावे आणि वनखात्याला कळवावे.

दोराचे तुकडे आणि तुटलेल्या गऱ्या वाळूत सोडू नयेत. पहाटे रापणकार अनवाणी पायांनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून खेचायचे लांब जाळे, ओढतात, आणि वाळूत पुरलेली गरी टाचेत शिरली की तिचा काटा मांसात असा अडकतो की ती मागे ओढून निघत नाही. संध्याकाळीच त्यांना विचारून जागा ठरवली तर कुणाची अडचण होत नाही. शिवाय पाणी कुठे खोल आहे हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

पैंगीणकर

सर्वांचा मी आभारी आहे. आम्ही बेतूलची जागा निश्चित करत आहोत. रात्रीच्या अंधारात चोणक आणि सांगट हाताळण्याबद्दल कुणी सांगू शकेल का?

उत्तर – शापोराकाठ

चोणक ओळखणे सोपे आहे. मंद दिव्यातही त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. त्या कडेने दोर कापला जातो आणि बोटेही कापतात, म्हणून गरीजवळचा दोर जाड ठेवावा आणि मासा कल्ल्यात हात न घालता खालच्या ओठाला धरूनच उचलावा. सांगटाच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे विषारी काटे असतात. हात न लावता लांब पकडीने गरी काढावी. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, त्याने वेदना कमी होते, आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. वाघळीच्या बाबतीतही हेच करावे. थर्मासमध्ये चहा नेणारच असाल तर दुसऱ्या थर्मासमध्ये गरम पाणीही न्यावे.

चोणक जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठा चोणक लागला तर ती अंडी देणारी मादी असते. तिला ओल्या हातांनी धरून, तोंड प्रवाह येतो त्या बाजूला ठेवून पाण्यात आधार द्यावा आणि ती आपणहून शेपटी मारू लागली की सोडून द्यावे.