पडद्यावरचे गाव खरे कोणते, हे ओळखायचे कसे?

गोदाकाठ (नाशिक):

नमस्कार. नाशिकमधल्या आमच्या लहानशा चित्रपट रसिक मंडळात दर महिन्याला एक चित्रपट पाहून त्यावर चर्चा होते. मागच्या बैठकीत ‘स्वदेस’ (२००४) दाखवला. कथेतले चरणपूर उत्तर प्रदेशातले आहे; पण नदीकाठचा घाट पडद्यावर येताच पंचवटीत लहानाचे मोठे झालेले आमचे सभासद एकमुखाने म्हणाले की हा दगड आपल्याकडचा आहे. तो घाट वाईजवळच्या मेणवलीचा आहे, हे बहुतेकांना ठाऊकच होते. माझे प्रश्न त्यापुढचे आहेत.

एखादे स्थळ आधी माहीत नसताना, केवळ पडद्यावरच्या खुणांवरून ते कोणत्या प्रदेशातले आहे हे सांगता येते का, आणि येत असेल तर नेमके काय पाहावे? दुसरे असे, की वाई आणि मेणवलीला जे भाग्य लाभले ते एवढे मोठे घाट असलेल्या आमच्या नाशिकला का लाभले नाही? शेवटचा प्रश्न आमच्या बैठकीतल्या वादाचा आहे. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले की उत्तर प्रदेशाची गोष्ट सातारा जिल्ह्यात चित्रित करणे ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. मला ते पटत नाही, परंतु का पटत नाही हे मला त्यांच्यासमोर नीट मांडता आले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कातळ:

आपल्या सभासदांनी दगड ओळखला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, कारण चित्रपटात जवळजवळ सगळे बदलता येते. पाटी बदलते, पोशाख बदलतो, भिंतीचा रंग बदलतो, पण जमिनीतून वर आलेला खडक कोणत्याही कला दिग्दर्शकाला बदलता येत नाही. म्हणून पहिली नजर दगडावर टाकावी.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे काळ्या बेसाल्टचा बनलेला आहे. ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीकडे पाहिले की हे थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात आणि माथा बहुधा सपाट असतो. रामकुंडाच्या परिसरातली जुनी देवळे असोत की मेणवलीचा घाट, घडीव दगड हाच. जुन्या पायरीवर पाणी ओतून जवळून पाहिले तर काळ्या अंगात पांढरे ठिपके उठून दिसतात. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत नंतर भरलेली ती खनिजे असून त्यांना झिओलाइट म्हणतात. आपल्या पांडवलेण्याच्या डोंगराजवळच्या खाणी अशाच खनिजांसाठी जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. याउलट गंगेचे मैदान गाळाचे आहे. तिथे खोल खणले तरी खडक लागत नाही, त्यामुळे तिथली जुनी बांधकामे विटांची असतात, किंवा काशीच्या घाटांप्रमाणे चुनारहून आणलेल्या फिकट पिवळसर वालुकाश्माची. उत्तर प्रदेशातले म्हणून दाखवलेल्या लहानशा खेड्यात नदीकाठी अखंड काळ्या दगडाचा घाट दिसला, तर कॅमेरा दख्खनमध्ये उभा आहे असे बिनदिक्कत समजावे.

हीच कसोटी ‘शोले’ला (१९७५) लावून पाहावी. रामगढभोवतीच्या टेकड्या सपाट माथ्याच्या नाहीत. एकेक प्रचंड, गोलसर, उघडाबोडका धोंडा दुसऱ्यावर टेकलेला आहे. ग्रॅनाइट झिजतो तो असा. ते स्थळ म्हणजे कर्नाटकातले बंगळुरूजवळचे रामनगर आणि तिथल्या रामदेवरबेट्टाच्या टेकड्या. तिथला ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीपेक्षा कितीतरी जुना आहे. दरोडेखोरांचे चित्रपट तोवर चंबळच्या घळींत किंवा राजस्थानात चित्रित होत असत, आणि त्यांहून वेगळी भूमी हवी म्हणून कला दिग्दर्शक राम येडेकर यांनी ही जागा शोधली आणि पायथ्याशी अख्खे गाव उभे केले. मात्र त्याच चित्रपटातला रेल्वेवरच्या हल्ल्याचा प्रसंग मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलच्या आसपास, सुमारे सात आठवडे चित्रित होत होता. एकाच कथेत ग्रॅनाइटची भूमी आणि बेसाल्टची भूमी अशा दोन्ही आहेत आणि प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. आपल्या मंडळाने एकदा केवळ हा सांधा शोधण्यासाठी तो चित्रपट पुन्हा पाहावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

दगडानंतर छपरे आणि पिके पाहावीत. मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर दिसत असेल, तर गंगेचे मैदान मनातून काढून टाकायला बहुधा हरकत नाही. मागच्या उसाच्या फडावर मात्र विसंबू नये, कारण ऊस उत्तर प्रदेशातही भरपूर होतो. सावल्यांवरून दिशा ठरवता येते असे काहीजण म्हणतात, परंतु एकाच प्रसंगातले तुकडे निरनिराळ्या वेळी घेतलेले असल्यामुळे मी त्यावर फारसा विसंबत नाही.

कृष्णाकाठ:

मी वाईचा. बाहेरून येणाऱ्या युनिटांना स्थानिक मदत पुरवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

निर्मात्याची माणसे रेकीला, म्हणजे चित्रीकरणाआधी जागा पाहायला, येतात तेव्हा जागा किती सुंदर आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न नसतो. जनरेटर व्हॅन आणि दिव्यांचे ट्रक कुठपर्यंत येतील, शंभर-दीडशे माणसांच्या राहण्या-जेवणाची सोय किती अंतरावर होईल, परवानगी किती जणांकडून घ्यावी लागेल आणि ठरलेल्या वेळेला जागा मोकळी मिळेल का, हे ते विचारतात. वाईला वरच्या अंगाला पाचगणी आणि महाबळेश्वरची हॉटेले आहेत, मुंबईहून एका दिवसात सामान पोहोचते, आणि थोड्याच अंतरात नदी, घाट, वाडे, देवळे, ऊसशेती, धरणाचे पाणी आणि घाटरस्ता असे सगळे सापडते. एका मुक्कामात चार प्रकारची दृश्ये उरकता येणे म्हणजे निर्मात्याचे केवढे पैसे वाचणे आहे, हे सांगायला नको. त्यामुळेच ‘गंगाजल’मध्ये (२००३) आमचे गाव बिहारचे तेजपूर झाले आणि ‘दबंग’मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशातले लालगंज झाले.

नाशिकच्या घाटांना काही कमी आहे म्हणून हे घडले नाही, असे मला मनापासून वाटते. रामकुंडावर वर्षाचे बारा महिने यात्रेकरू असतात, दशक्रियेचे विधी चालू असतात, आणि ते थांबवून कॅमेरा लावा असे कोणी म्हणू नये आणि म्हणतही नाही. त्यात काँक्रीटचे काम, विजेचे खांब, फलक आणि दुकाने एवढी आहेत की जुन्या काळाचे किंवा निवांत खेड्याचे दृश्य घ्यायचे तर चौकटीत काय येऊ द्यायचे नाही याचीच यादी लांबते. मेणवलीचा घाट गावाच्या एका अंगाला आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आणि देवळे, एवढेच चौकटीत येते. चौकट फिरवली तरी नको ते सहसा दिसत नाही.

नाशिककरांना आपलेसे वाटेल असे एक साम्य सांगतो. मेणवलीच्या घाटावर एका छोट्या दगडी मंडपात टांगलेली पोर्तुगीज घंटा आणि तुमच्या नारोशंकराच्या मंदिराची घंटा, या दोन्ही १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांकडे आलेल्या म्हणून ओळखल्या जातात.

जुने नाशिक:

नाशिकला हे भाग्य लाभले नाही, या विधानाला मी नम्रपणे हरकत घेतो, कारण भारतीय चित्रपटाची सुरुवातीची भूमीच नाशिक आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) त्यांनी दादरला केला आणि त्यातली बाहेरची दृश्ये वांगणीला घेतली; परंतु तो प्रदर्शित झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी आपला सारा संसार आणि कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, पुढे ‘लंका दहन’ (१९१७) हे चित्रपट त्यांनी नाशिकला आल्यानंतर केले आणि १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही इथेच उभी राहिली.

त्या काळचे काम सूर्यप्रकाशावर चालत असे, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. राजवाड्याच्या आतला प्रसंगसुद्धा उघड्या आकाशाखाली सेट लावून घ्यावा लागे, त्यामुळे ढग आले की काम थांबे. स्वच्छ ऊन, नदी, डोंगर, देवळे आणि राबायला तयार असलेली माणसे जवळ असणे, हा कलेइतकाच व्यवहाराचाही प्रश्न होता. कृष्णाकाठ यांनी रेकीतले जे प्रश्न सांगितले तेच शंभर वर्षांपूर्वी फाळक्यांपुढेही होते, आणि त्यांची उत्तरे त्यांना नाशिकमध्ये मिळाली. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, पण पुराणातली अयोध्या आणि लंका ज्यांनी प्रथम पडद्यावर आणली त्यांच्या कामाच्या जागांवर शहरात साधे माहितीफलक असावेत, असे मला तळमळीने वाटते. आपले मंडळ त्यासाठी महापालिकेकडे अर्ज करणार असेल तर माझी सही त्यावर अवश्य घ्यावी.

संकलन:

फसवणुकीच्या प्रश्नावर लिहितो. सोव्हिएत रशियातल्या लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास एक प्रयोग केला होता. मॉस्कोतल्या वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित केलेली पात्रे त्यांनी एकत्र जोडली आणि मध्येच वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसचे दृश्य घातले. पाहणाऱ्यांना तो सगळा एकच परिसर वाटला. म्हणजे पडद्यावरची भूमी संकलनाच्या टेबलावर तयार होते, हे चित्रपटकलेच्या बालपणीच लक्षात आले होते. वास्तववादाचा मानदंड मानला जाणारा ‘पथेर पांचाली’ (१९५५) घ्या. कथेतले निश्चिंदीपूर म्हणजे कोलकात्याजवळचे बोडाल गाव, पण भावंडे काशफुलांच्या, म्हणजे उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या, रानातून आगगाडी पाहायला धावतात तो प्रसंग बर्दवानच्या बाजूला पालसिटजवळचा आहे. पहिल्या चित्रीकरणानंतर पुन्हा तिथे जाईपर्यंत गुरांनी ती फुले खाऊन टाकली होती आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागले. दोन ठिकाणे जोडली म्हणून त्या मुलांची धाव खोटी ठरत नाही. दिग्दर्शक एक वर्ष थांबला तो त्या प्रसंगाची सचोटी राखण्यासाठी, आणि माझ्या मते तपासायची असते ती हीच सचोटी.

तरीही आपल्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे मी सरसकट उडवून लावणार नाही. गोष्ट एखाद्या प्रदेशाच्या विशिष्ट दुःखाविषयी असेल आणि चित्रीकरण दुसरीकडे करताना तिथली भाषा, शेती, जातीपातींच्या वस्त्यांची रचना यांकडे दुर्लक्ष झाले असेल, तर तो दोष मानलाच पाहिजे. दगड काळा की पिवळा, याने मात्र ‘स्वदेस’मधल्या पाणी आणि विजेच्या प्रश्नाला बाध येत नाही, कारण तो प्रश्न दोन्हीकडे सारखाच खरा होता.

आणि कधीकधी चित्रपट प्रत्यक्ष नकाशालाच बदलायला लावतो. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) घडतो थायलंडमध्ये, पण त्याचे चित्रीकरण श्रीलंकेत कितुलगला इथे केलानी नदीवर झाले. महायुद्धातला खरा पूल तर मे क्लाँग नावाच्या नदीवर होता. चित्रपट पाहून आलेले पर्यटक क्वाय नदीवरचा पूल विचारू लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास थायलंडने नदीच्या त्या भागाचे नावच बदलून ख्वाय याय केले.

गोदाकाठ (नाशिक):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या बैठकीत ‘शोले’तली गावाची आणि रेल्वेची दृश्ये पाठोपाठ दाखवून सभासदांना फक्त खडक पाहायला सांगणार आहे. कुलेशोव्हचा प्रयोग आणि काशफुलांची हकिगत ज्येष्ठांसमोर जशीच्या तशी ठेवीन. फलकांविषयीचा अर्जही मांडतो. जुने नाशिक यांनी सहीसाठी बैठकीला प्रत्यक्ष यावे. मंडळाची मेणवलीला सहल काढायची झाली तर कोणता काळ बरा, आणि वाडा आतून पाहता येतो का?

कृष्णाकाठ:

पावसाळ्यात खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि शेवाळामुळे पाय घसरतो, म्हणून दिवाळीनंतर या. नाशिकहून पुणेमार्गे साधारण तीनशे किलोमीटर पडतील, तेव्हा वाईला एक मुक्काम धरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घाटावर उतरा. दुपारी काळा दगड फार तापतो. वाडा खासगी मालकीचा आहे. आत जाण्याआधी तिथे विचारावे आणि नको म्हटले तर आग्रह धरू नये. घाटावर गावातली माणसे रोजच्या कामाला येतात, त्यांना विचारल्याशिवाय त्यांची छायाचित्रे काढू नयेत, एवढे सभासदांना आधीच सांगून ठेवा.

कातळ:

सोबत पाण्याची बाटली आणि साधे भिंग न्यावे. पायरी ओली करून पाहिली की पांढरे ठिपके लगेच दिसतील. तशीच एक पायरी आधी रामकुंडाच्या परिसरात पाहून जावे, म्हणजे ताडून पाहता येईल.