जीन बघून पोराला पळायला घालायचं?

सिंहगडवाला: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे लांब पल्ल्याचं पळणं रक्तातच लागतं, तेव्हा आधी पोराची लाळ लॅबला पाठवा, स्नायूंशी संबंधित एसीटीएन-थ्री हा जीन (जनुक) 'स्टॅमिनावाला' निघाला तरच कोच लावा. अहो जगात साधारण सहातल्या एकाचा तो रिपोर्ट तसाच येतो, तेवढे सगळे मॅरेथॉनवाले का?

लॅबवाली: पोस्ट माझीच. फिनलंडचा एरो मँट्युरांटा, 1964 ला इन्सब्रुकला स्कीइंगची दोन वैयक्तिक सुवर्णं. लोक रक्तात भानगड आहे म्हणत राहिले आणि 1993 ला निघालं काय, ईपीओ म्हणजे लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन, त्याच्या रिसेप्टरच्या जीनमधला जन्मजात बदल, लाल पेशी भरमसाट! हे सरावाने येतं का?

सिंहगडवाला: त्याच घराण्यातल्या 97 पैकी 29 जणांत तो बदल होता. 29 जण ऑलिम्पिकला गेले का?

माणदेशी: जीन राहू द्या. पोरगी आठवीत, शाळेचं मैदान लग्नाला भाड्याने देतात, मंडप निघाला की खिळे तिथंच. डिसेंबरात बुटाच्या तळातून आरपार गेला, मोजा रक्ताने चिकटलेला, धनुर्वाताचं इंजेक्शन, महिनाभर पळणं बंद. हेडसरांना सांगितलं तर म्हणे बाहेर पळवा. बाहेर उसाच्या ट्रॉल्या!

भोरकर: आमच्याकडे तर निम्म्या मैदानात पार्किंग. खेळाचा तास म्हणजे गणिताचा तास.

लॅबवाली: विषय मैदानाचा नाहीये.

माणदेशी: ताई, तुमच्यासाठी नसेल! आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्पर्धेत पळायला लागला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची 3000 मीटर शर्यत, केनियाचा किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंद, आपला 8 मिनिटं 11.20. कुणी लाळ तपासली होती त्याची?

लॅबवाली: आवाज चढवू नका. लहान पोरांबाबत घाई झाली माझी, मान्य. पण हेरिटेज स्टडी नावाच्या संशोधनात सगळ्यांना 20 आठवडे एकाच पद्धतीचा सराव दिला, कुणाचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते माप) खूप वाढला, कुणाचा जागचा हलला नाही, आणि एका घरातल्यांचं बरंचसं सारखं. हे उडवून लावणार?

सिंहगडवाला: नाही, ते खरंय. पण कोणाचा वाढतो हे त्यांना पळवल्यावरच कळलं ना, लाळेवरून नाही.

लॅबवाली: हं. तेवढं बरोबर.

माणदेशी: रविवारी परत लग्न आहे मैदानावर. सोमवारी पहाटे मी लोहचुंबक घेऊन खिळे वेचायला जातोय, भोरकर येताय का?