‘मागणारच’ नव्हे, ‘मागू शकतं’
वर एका भाऊंनी लिहिलंय, वादी कंपनी खंक असली की कोर्ट तिच्याकडून खर्चापोटी तारण (म्हणजे ती हरली तर प्रतिवादीचा दाव्याचा खर्च निघावा म्हणून आधीच द्यायची हमी) मागणारच. हा ‘च’ चुकला. 1956 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 632 मध्येही कोर्ट मागू ‘शकतं’ एवढंच होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 25 खाली तर कारणं नोंदवावी लागतात.

समजा, देवगडातल्या कॅनिंगवाल्या कंपनीचे पल्पचे पैसे व्यापाऱ्याने थकवले, त्यातच ती डबघाईला आली. आता तोच म्हणणार, ही कंगाल, आधी तारण भरू दे! (हापूस खाऊन वर बाठा फेकून मारायचा.) 1973 च्या ट्रिप्लान खटल्यात न्यायाधीश लॉर्ड डेनिंगनी हेच बघायला सांगितलं: दावा खरा आहे का, कंगाली प्रतिवादीनेच आणली का, अर्जाला उशीर झाला का. निकाल इंग्लंडचा, आपल्याकडे बंधनकारक नाही. तरी वकिलांना दाखवाच.