मदत हवी आहे : डीपीतली (विकास आराखड्यातली) रस्तारुंदी एकाच बाजूने, हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झालाय. हरकतीची मुदत संपायला 11 दिवस उरलेत, म्हणून घाईने लिहितेय.

पेठेतला आमचा रस्ता 9 मीटरचा आहे, तो 15 मीटर होणार. काल नगरपालिकेत जाऊन भिंतीवरचा नकाशा बघितला. आमचं घर त्यात करंगळीच्या नखाएवढं दिसतं आणि लाल रेघ त्याच्यातून आरपार गेलीय. समोरच्या रांगेला ती शिवतही नाही. वाढीव 6 मीटर सगळे आमच्याच बाजूचे. म्हणजे 52 फूट खोल घरातले जवळपास 20 फूट जाणार : ओटा, पुढचे दोन्ही गाळे आणि माजघराची भिंत. एका गाळ्यात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, दुसऱ्यात 22 वर्षांपासूनचे भाडेकरू शिवणकाम करतात.

रस्ता नको असं अजिबात नाही. गेल्या गणपतीत बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा रुग्णवाहिका चौकातच अडकली होती. खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेलं त्यांना. रस्ता मोठा व्हायलाच हवा. पण मध्यरेषेपासून दोन्हीकडे 3-3 मीटर घ्या. मग गाळे जातील, पण मागचं राहतं घर तरी वाचेल.

एमआरटीपी कायदा, 1966 (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) थोडा वाचला. कलम 26 खाली हरकत घ्यायची, मग कलम 28 प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी, इतपत कळलं. पुढचं जाणकारांनी सांगावं.

हरकतीला मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा जोडला तर चालेल का? नव्याने मोजणी मागवली तर ती मुदतीत हातात येईल असं वाटत नाही. आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी मिळून एकच अर्ज द्यावा की प्रत्येकाने वेगळा? आणि भाडेकरूंनी स्वतःच्या नावाने हरकत घेतली तर ऐकून घेतात का?

मोबदल्याचंही विचारायचंय. टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या असं सुचवतात, पण लहान गावात तो विकत घेणार कोण? रोख मोबदल्याचा आग्रह धरता येतो ना?

खरी भीती वेगळीच आहे. पुण्याचा एचसीएमटीआर (शहरातला नियोजित वर्तुळाकार रस्ता) 1987 च्या आराखड्यात आला, तो अजून झालेला नाही. आमच्याकडेही नुसती रेघ पडून राहिली तर? जागा घ्या नाहीतर मोकळी करा, अशी कलम 127 ची नोटीस 10 वर्षांनंतरच देता येते, वर 24 महिने थांबायचं. आई आत्ताच 71 वर्षांची आहे. तोवर पुढच्या भागाचं छप्पर तरी दुरुस्त करू देतात का? दोन वासे कुजलेत, पावसात खाली पातेली ठेवावी लागतात.

सोमवारी पुन्हा नगरपालिकेत जाणार आहे. तिथून कोणते कागद शिक्क्यासकट मागून घेऊ, एवढं तरी कृपया त्याआधी सांगा.