मदत हवी आहे : व्हीसीडीच्या हक्कांचे पैसे निर्मात्याला कसे मिळायचे?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं व्हीसीडी भाड्याने द्यायचं दुकान होतं. परवा माळ्यावर बाबांची वही सापडली. सिनेमाचं नाव, रोजचे १० रुपये आणि सीडी परत आली की तांबडी खूण. त्या काळावर लेख लिहायला घेतलाय, पण एका ठिकाणी गाडी अडलीय.

थिएटरचं गणित कळतं : तिकिटाच्या पैशात थिएटरवाला आणि वितरक वाटेकरी, उरेल ते निर्मात्याचं. १९९४चा 'द शॉशँक रिडम्प्शन' अमेरिकेत थिएटरात चालला नाही, पुढे कॅसेटच्या भाड्यावर घराघरांत पोचला, हेही वाचलंय. पण आपल्याकडे २००७च्या सुमारास सीडी बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली. एवढ्या किमतीत छपाई, वेष्टन, दुकानदाराचं कमिशन गेल्यावर निर्मात्याच्या हातात काय पडायचं?

हक्क एकरकमी विकले जायचे की दर प्रतीमागे रॉयल्टी मिळायची? करार किती वर्षांचा? आणि थिएटरात पडलेल्या मराठी सिनेमाचा भाव तिथेही पडायचा का?

निर्मिती किंवा वितरणात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. नावं खोडलेला जुना करारनामा पाहायला मिळाला तर फारच उपकार होतील.